किरणांचे हप्ते



आज ज्या विषयावर मी बोलणार आहें, तो वास्तविक डॉक्टर मंडळींचा आहे. मॅट्रिकच्या पुढें न गेलेल्या आणि सारा जन्म खडूफळ्यापाशीं काढलेल्या माझ्यासारख्या माणसाचा नव्हे. परंतु घरांत दुखणें आलें म्हणजे त्या दुखण्याची शाळाही माणसाला शिकावी लागते, आणि ती शाळा मी गेलीं कांहीं वर्षें शिकत आहें. त्या अवधींत जें वाचलें, डॉक्टरांना प्रश्न विचारून जें भंडावलें, आणि प्रत्यक्ष डोळ्यांनीं जें पाहिलें, त्यांपैकीं जेवढें पक्कें समजलें तेवढेंच आपणांपुढें ठेवतों.

माझी वडील बहीण, तिला आम्ही अक्का म्हणतों, पन्नास वर्षें संकष्टीचा उपास करीत आली आहे. एका संकष्टीस रात्रीं आम्ही गच्चीवर चंद्रोदयाची वाट पाहत उभीं होतों. चंद्र समोरच्या इमारतीवर आला, तशी अक्का म्हणाली, "अरे, आज दोन दिसताहेत." आम्हीं तें हंसण्यावारी नेलें. उपासानें ग्लानि आली असेल, असें समजून तिला खालीं नेऊन बसविलें. पुढच्या संकष्टीसही चंद्र दोनच. मग चष्म्याचा नंबर बदलला. दोन महिन्यांनीं पुन्हां बदलला. आणि अशा रीतीनें सहासात महिने केवळ कांचा बदलण्यांत गेले. शेवटीं एका वृद्ध नेत्रवैद्यानें अगदीं साधी परीक्षा केली. त्यानें अक्काला एक डोळा तळहातानें झांकावयास सांगितला. एक डोळा झांकला कीं भिंतीवरचें घड्याळ एक. दोन्ही उघडले कीं घड्याळें दोन. "हा दोष बुबुळाचा नव्हे," ते म्हणाले, "डोळा फिरविणाऱ्या मज्जातंतूचा आहे. मस्तकाचा एम्.आर्.आय. काढून घ्या." ही गोष्ट मी मुद्दाम विस्तारानें सांगतों, कारण ती घरच्या घरीं कोणालाही करून पाहतां येते, आणि आमचे फुकट गेलेले सहा महिने दुसऱ्या कोणाचे जाऊं नयेत.

एम्.आर्.आय.मध्यें उजव्या डोळ्याच्या मागें, कवटीच्या तळाशीं, साडेतीन सेंटिमीटर व्यासाची एक गांठ निघाली. कागदावर नांव होतें मेनिंजिओमा. घरांत पहिला प्रश्न जो उठला, तो आपण ओळखलाच असेल. तो शब्द उच्चारावयाचा कोणी, एवढाच काय तो संकोच होता. शेवटीं अक्कानेंच डॉक्टरांना विचारलें, "कॅन्सर आहे का?"

त्याचें उत्तर देण्यापूर्वीं मेंदूची रचना थोडी सांगितली पाहिजे. नारळ फोडला म्हणजे करवंटी आणि खोबरें यांच्या दरम्यान एक तांबूस साल दिसते. मेंदू आणि कवटी यांच्यामध्येंही अशीं आवरणें आहेत. मात्र तीं एक नसून तीन आहेत. सर्वांत बाहेरचें जाड, चामड्यासारखें. मधलें कोळ्याच्या जाळ्यासारखें तलम. आणि आंतलें मेंदूच्या प्रत्येक घडींत शिरून त्याला चिकटलेलें. मधल्या जाळीदार आवरणाच्या पेशींपासून जी गांठ वाढते, ती मेनिंजिओमा. हें नांव अमेरिकेंतील प्रसिद्ध शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनीं १९२२ सालीं दिलें. म्हणजे ही गांठ मेंदूंत नसते, मेंदूवर असते, आणि बाहेरून त्याला दाबीत असते. तिची वाढ फार मंद, वर्षाला एकदोन मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी. शंभरांतील सुमारें ऐंशी गांठी सौम्य जातीच्या असतात; पुरुषांपेक्षां स्त्रियांत त्या दुपटीनें आढळतात. सुश्रुतसंहितेंत अर्बुदाचें जें वर्णन आहे, म्हणजे वाटोळें, स्थिर, हळूहळू वाढणारें आणि न पिकणारें, तें वाचतांना मला अक्काच्या गांठीचीच आठवण झाली. अर्थात् सुश्रुताचा अर्बुद शब्द पुष्कळ प्रकारच्या गांठींना लागतो, हें मला ठाऊक आहे.

तेव्हां अक्काच्या प्रश्नाला डॉक्टरांचें उत्तर आलें, "आजी, चित्रावरून तरी तसें वाटत नाहीं." आमचा जीव भांड्यांत पडला. पण तो फार वेळ भांड्यांत राहिला नाहीं. पोटांतली सौम्य गांठ आणि कवटींतली सौम्य गांठ यांत मोठें अंतर आहे. कवटी ही चहूंकडून बंद पेटी. तिच्यांत पाहुण्याला जागा नाहीं. पुण्याच्या जुन्या वाड्यांतील भाडेकरूसारखी ही गांठ कोणाशीं भांडत नाहीं, आरडाओरड करीत नाहीं. मात्र एकदां बसली कीं हलत नाहीं आणि वर्षाला एकेक हात जागा दाबीत जाते.

आतां ही गांठ कापून कां काढीत नाहींत? काढतात, आणि जेथें सहज काढतां येते तेथें तोच उत्तम मार्ग आहे. ग्लासगो येथें विल्यम मॅकीवेन यांनीं १८७९ सालीं एका चौदा वर्षांच्या मुलीच्या मस्तकांतील अशी गांठ काढून तिला बरें केलें. त्या काळीं क्षकिरण नव्हते, रक्त भरण्याची सोय नव्हती. चेहऱ्याचे व हाताचे झटके पाहून गांठ कोठें असावी याचें त्यांनीं अनुमान केलें, आणि तें खरें ठरलें. कुशिंग यांचा सर्वांत गाजलेला रोगी म्हणजे अमेरिकेचे सेनानी लेनर्ड वुड. क्यूबांत असतांना त्यांचें डोकें टांगलेल्या झुंबरावर आपटलें होतें, आणि पुढें पायाला झटके येऊं लागले. १९१० सालीं कुशिंग यांनीं त्यांच्या मस्तकांतील गांठ काढली. पण ती एका बैठकींत नव्हे. पहिल्या वेळीं रक्तस्राव इतका झाला कीं काम अर्धवट टाकून जखम मिटावी लागली, आणि कांहीं दिवसांनीं पुन्हां उघडून गांठ बाहेर काढली. त्यानंतर वुडसाहेब सतरा वर्षें जगले; सेनेचे मुख्य अधिकारी झाले, फिलिपाइन्सचे गव्हर्नर-जनरल झाले. परंतु गांठ पुन्हां उगवली, आणि १९२७ सालीं कुशिंग यांच्याच हातून झालेल्या दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा अंत झाला. या एका माणसाच्या चरित्रांत या रोगाचा सगळा स्वभाव आला आहे. टप्प्याटप्प्यानें उपचार करण्याची कल्पनाही किती जुनी आहे, हें त्यावरून दिसतें. पुढें १९५७ सालीं सिम्सन यांनीं पुष्कळ रुग्णांचा हिशेब मांडून दाखविलें कीं, गांठ मुळासकट, तिच्या आवरणासकट काढली तरीसुद्धां शंभरांत नऊ जणांना ती पुन्हां होते. आणि जितकी ती मागें राहील तितकें हें प्रमाण वाढत जातें.

अक्काची गांठ अशा ठिकाणीं होती कीं मुळासकट हा शब्दच तेथें लागू नव्हता. डोळ्याच्या मागें, कवटीच्या तळाशीं रक्ताचें एक लहानसें तळें आहे. त्या तळ्यांतून मेंदूला रक्त नेणारी मोठी धमनी जाते आणि डोळा फिरविणारे मज्जातंतूही जातात. वर, अगदीं लागून, दृष्टीचा तंतु. गांठीनें या सर्वांना मिठी मारली होती. शल्यविशारदांनीं आडपडदा न ठेवतां सांगितलें, "आजी, मी हात घालीन. पण सगळी काढावयास गेलों तर डोळा वांचेल याची हमी नाहीं. आणि डोळा वांचवावयास गेलों तर गांठ मागें राहील." असें स्पष्ट बोलणाऱ्या शल्यविशारदाबद्दल माझ्या मनांत फार आदर आहे. अक्का म्हणाली, "मग राहूं द्या तिला तिथंच." आणि खरोखर, पुष्कळ रुग्णांच्या बाबतींत हाच शहाणपणाचा सल्ला असतो. दुसऱ्याच कांहीं कारणानें मस्तकाचें चित्र काढावें आणि त्यांत लहानशी गांठ सांपडावी, असें हल्लीं वारंवार घडतें. अशा गांठीला काहीही न करितां वर्षासहामहिन्यांनीं चित्र काढून नुसतें पाहत राहिलें तरी चालतें. कित्येक गांठी माणसाच्या जन्मांत पुढें सरकतच नाहींत.

अक्काची मात्र सरकली. सहा महिन्यांनंतरच्या चित्रांत ती तीन मिलिमीटर वाढली होती, आणि तिच्यांत व दृष्टितंतूंत जेमतेम एका मिलिमीटरचें अंतर उरलें होतें. अक्का रोज सकाळीं गुरुचरित्राची पोथी वाचते. तिला मरणाचें भय नव्हतें. पोथी वाचतां न येण्याचें होतें. म्हणून आम्ही तिसऱ्या मार्गाकडे वळलों. त्याला डॉक्टर लोक रेडिओसर्जरी म्हणतात. आपण किरणशस्त्रक्रिया म्हणूं.

नांवांत शस्त्र असलें तरी या क्रियेंत शस्त्र नाहीं. स्वीडनचे शल्यविशारद लार्स लेक्सेल यांनीं १९५१ सालीं हा शब्द प्रथम योजिला. कवटी न उघडतां आंतल्या एका बिंदूवर किरण एकवटून तेवढाच भाग निकामी करावा, ही त्यांची कल्पना. १९६८ च्या सुमारास स्टॉकहोममध्यें त्यांचें पहिलें यंत्र चालू झालें. त्यांत किरणोत्सर्गी कोबाल्टचे १७९ तुकडे एका अर्धगोलांत बसविले होते, आणि प्रत्येकापासून निघणारी बारीक शलाका एकाच बिंदूकडे रोखलेली होती. यालाच पुढें गॅमा नाइफ म्हणूं लागले. वर्गांत मी मुलांना बहिर्गोल भिंगानें कागद जाळून दाखवीत असें. ऐकणाऱ्याला प्रथम तेंच आठवेल. पण तें उदाहरण येथें बरोबर नाहीं. भिंग किरणांना वांकवितें. गॅमा किरण असे वांकत नाहींत. त्यापेक्षां अनंतचतुर्दशीचा दिवस डोळ्यांपुढें आणा. शनिवार, बुधवार, शुक्रवार, सगळ्या पेठांच्या बोळांतून माणसें चाललीं आहेत. एकेका बोळांत गर्दी बेताचीच. पण तीं सगळीं बेलबाग चौकांत मिळतात, आणि तेथें श्वास घ्यावयास जागा राहत नाहीं. प्रत्येक शलाका वाटेंतल्या मेंदूला जवळजवळ कांहीं करीत नाहीं. जेथें सगळ्या मिळतात तेथेंच काय तो परिणाम.

अर्थात् चौक कोठें आहे हें आधीं नक्की कळलें पाहिजे, आणि तें कळावयास मस्तकाच्या आंतील चित्र हवें. सी.टी. स्कॅन या यंत्राचें पहिलें चित्र १ ऑक्टोबर १९७१ रोजीं लंडनजवळच्या एका रुग्णालयांत एका बाईच्या मस्तकाचें काढलें गेलें. तें यंत्र बनविणारे हाउन्सफील्ड हे ई.एम्.आय. कंपनींत नोकरीस होते. ज्या घरांत कुत्र्याचें चित्र असलेल्या हिज मास्टर्स व्हॉइसच्या तबकड्या अजून जपून ठेविल्या असतील, त्या घरच्या मंडळींना ही कंपनी निराळी सांगावयास नको. गायन ऐकविणाऱ्या कंपनीनें मस्तकाच्या आंत पाहण्याची सोय करावी, याची मला नेहमीं मौज वाटते.

आपल्या महाराष्ट्रांत गॅमा नाइफ १९९७ सालीं आलें, मुंबईस माहीमच्या हिंदुजा रुग्णालयांत; त्याच वर्षीं दिल्लीच्या एम्समध्येंही आलें. पुढें किरण उत्पन्न करणारें विजेचें यंत्र यांत्रिक हातावर बसवून निरनिराळ्या दिशांनीं नेम धरणारें सायबरनाइफ निघालें. त्याचे जनक स्टॅनफर्डचे जॉन अॅडलर हे स्वतः लेक्सेल यांच्या हाताखालीं शिकलेले. साध्या लिनॅक यंत्रावरही आतां अशी चिकित्सा होते, आणि ती सोय पुण्यांतही झालेली आहे. आमच्या अक्काचे उपचार मुंबईस झाले, कारण भाचा तेथें राहतो आणि उतरण्याची व्यवस्था होती. याहून निराळें कारण नाहीं.

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. किरणोपचाराच्या डॉक्टरांनीं सांगितलें कीं पांच दिवस पांच बैठकी घ्याव्या लागतील. अक्का म्हणाली, "अहो, एकदांच काय तें करून टाका ना! इंजेक्शन का एकाच सुईचं पांचदां टोंचतात?" प्रश्न बिनतोड होता. मलाही तोच पडला होता. मी विचारावयास संकोचलों होतों इतकेंच.

डॉक्टरांनीं कागद घेतला आणि गांठ व दृष्टितंतु शेजारीं शेजारीं काढले. किरणांचें माप ग्रे या एककांत करतात. एका किलो पदार्थांत एक जूल शक्ति मुरली म्हणजे एक ग्रे. अशी सौम्य गांठ एका बैठकींत थांबवावयाची तर तिच्या कडेपर्यंत सुमारें १२ ते १६ ग्रे द्यावे लागतात. (एवढ्यानें गांठीची उष्णता एका अंशाच्या शंभराव्या भागाइतकीही वाढत नाहीं. भाजण्याचा येथें संबंध नाहीं. किरण पेशींच्या केंद्रांतील अतिसूक्ष्म धागे तोडतात, आणि पेशी दुभंगावयास गेली म्हणजे मरते.) परंतु दृष्टितंतूला एका बैठकींत ८ ते १० ग्रेच्या वर सोसवत नाहीं. गांठ आणि तंतु यांच्यामध्यें पांच मिलिमीटर मोकळी जागा असती तर अडचण नव्हती, कारण किरणांचा जोर कडेबाहेर झपाट्यानें उतरतो. एका मिलिमीटरांत तो १४ वरून ८ वर कसा उतरणार? म्हणजे गांठीला पुरेसें द्यावें तर डोळा जातो, डोळा राखावा तर गांठीची एक बाजू उपाशी राहते आणि तिकडूनच ती पुन्हां वाढते.

हप्ते कामास येतात ते येथें. निरोगी मज्जातंतूच्या पेशींना किरणांनीं झालेली इजा थोडी असेल तर त्या ती कांहीं तासांत दुरुस्त करतात. आज थोडें दिलें, उद्यांपर्यंत वेळ दिला, पुन्हां थोडें दिलें, तर एकंदर पुष्कळ सोसतें. पांच बैठकींत मिळून २५ ग्रेपर्यंत दृष्टितंतु सहन करतो असें मानतात. आणि पांच बैठकींत २५ ग्रे हें माप या गांठीलाही पुरतें. दोन्ही आंकडे एकमेकांना येऊन मिळाले! एका बैठकींत जो मेळ बसत नव्हता, तो पांचांत बसला.

मीं येथें एक शंका काढली. मास्तराची खोड! दुरुस्त करण्याची कला जर निरोगी पेशींना येते, तर गांठीच्या मंद पेशींना कां येऊं नये? डॉक्टर हंसले आणि म्हणाले, "येते. म्हणूनच १४ च्या जागीं २५ द्यावे लागतात." एकदम रोख रक्कम दिली तर कमी पडते, हप्त्यांनीं दिली तर व्याजासह जास्त भरावी लागते, तसेंच हें. म्हणजे हप्ते हे फुकटचे नव्हेत, आणि प्रत्येक रुग्णाला ते हवेतच असें नाहीं. गांठ लहान असेल आणि दृष्टितंतूपासून दूर असेल, तर एकच बैठक पुरते व ती पुष्कळदां अधिक सोयीची.

दुसरी अडचण आकाराची. माझ्यासारख्यानें सहज करावा असा हिशेब आहे. साडेतीन सेंटिमीटर व्यासाच्या गोलाचें घनफळ सुमारें २२ घनसेंटिमीटर येतें, म्हणजे चहाचे चारपांच चमचे. एका बैठकीच्या उपचाराला साधारण तीन सेंटिमीटरपर्यंतची गांठ बरी; तिचें घनफळ १४. व्यास अर्ध्या सेंटिमीटरनें वाढला, तर घनफळ दीडपटीच्या वर गेलें! लक्ष्य जितकें मोठें, तितके बाहेर सांडणारे किरणही जास्त. यावर आणखी एक तोड आहे. अशी मोठी गांठ मनांतल्या मनांत दोन भागांत विभागावयाची. आज एका भागावर किरण, आणि तीन ते सहा महिन्यांनीं दुसऱ्यावर. जपानांत ओसाका येथील डॉक्टरांनीं कवटीच्या तळाशीं असलेल्या मोठ्या गांठींवर सहा महिन्यांच्या अंतरानें असे दोन टप्पे केले, आणि आपला अनुभव २००१ सालीं प्रसिद्ध केला. टप्पे हा शब्द डॉक्टरांच्या तोंडून ऐकाल तेव्हां दिवसांचे हप्ते कीं भागांचे हप्ते, हें अवश्य विचारून घ्या. पहिल्यांत संपूर्ण गांठीला रोज थोडें मिळतें. दुसऱ्यांत गांठीचा एकेक तुकडा एकेका वेळीं पुरा होतो. तिसराही एक प्रकार आहे. शल्यविशारदानें जेवढें सुखरूप निघेल तेवढें कापून काढावें, आणि नसांना चिकटलेला उरलेला भाग किरणांकडे सोंपवावा. मेंदूवर दाब पडून चालणें, बोलणें बिघडलें असेल, तेथें आधीं शस्त्रच हवें. किरण दाब तांतडीनें कमी करीत नाहींत.

प्रत्यक्ष उपचाराचें वर्णन थोडक्यांत करतों, कारण त्यांत वर्णन करण्यासारखें फारसें नाहीं. लेक्सेल यांच्या पद्धतींत डोक्याभोंवतीं धातूची चौकट बसवून ती चार स्क्रूंनीं कवटीला घट्ट करतात. भूल त्या चार जागांपुरतीच. हप्त्यांच्या उपचारांत चौकटीऐवजीं मुखवटा वापरतात. जाळीदार प्लॅस्टिकचा एक पत्रा गरम पाण्यांत मऊ करून तोंडावर दाबतात. कांहीं मिनिटांत तो चेहऱ्याच्या आकाराचा कडक होतो, आणि मग प्रत्येक बैठकीस त्याच मुखवट्यांत डोकें अडकवून निजावयाचें. अक्का पहिल्या दिवशीं बाहेर आली ती चेहऱ्यावर जाळीचे वळ घेऊन, आणि म्हणाली, "पुरणयंत्राच्या जाळीमागून जग पाहिल्यासारखं वाटलं." दुखलें म्हणाल तर कांहीं नाहीं. पाऊणएक तास निजून राहावयाचें आणि उठून घरीं यावयाचें. पांचव्या दिवशीं आम्ही मुखवटा मागून घेतला. तो आमच्या माळ्यावर आहे; नातवंडें त्याला भितात.

परत आल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. तीन महिन्यांनीं चित्र काढलें. गांठ होती तेवढीच. शेजारचे एक गृहस्थ हळहळले, "अहो, एवढा खर्च करून गांठ जशीच्या तशी!" मलाही क्षणभर वाईट वाटलें, हें कबूल करतों. पण या उपचारांत गांठ नाहींशी होणें हें यश नव्हेच. ती न वाढणें हें यश. पेशी दुभंगावयास गेली म्हणजे मरते, हें मघां सांगितलेंच; आणि या पेशी दुभंगतात तरी किती सावकाश! त्यामुळें परिणाम महिन्यांनीं नव्हे, वर्षांनीं दिसतो. कांहीं गांठी थोड्या आकसतात, पुष्कळशा आहेत तेवढ्याच राहतात. युरोपांतील १५ केंद्रांनीं २०१२ सालीं साडेचार हजारांहून अधिक रुग्णांचा एकत्र वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांत पांच वर्षांनीं शंभरांपैकीं ९५ गांठी, आणि दहा वर्षांनीं ८८-८९ गांठी ताब्यांत राहिल्या होत्या. कायमचा कांहीं अपाय शंभरांत सहासात जणांना झाला. मात्र त्यांतल्या निम्म्या गांठी चहाच्या चमचाभर घनफळापेक्षां लहान होत्या, आणि उपचार एका बैठकीचे होते. हप्त्यांच्या पद्धतीचे पांचएक वर्षांचे आंकडे या तोडीचे असले, तरी पंधरावीस वर्षांचा अनुभव अजून थोडा आहे. ज्याला कोणी शंभर टक्के खात्री देईल, त्यानें दुसऱ्या डॉक्टरांचें मत अवश्य घ्यावें.

अपाय म्हणाल तर अक्कालाही एक चटका बसलाच. पांचव्या महिन्यांत डोकें दुखूं लागलें, तोल जाऊं लागला. चित्रांत गांठीभोंवतीं मेंदूला सूज आलेली दिसली. ही सूज कांहीं जणांना येते, आणि बहुधा सहामाहीच्या आगेमागेंच येते. स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या, त्यांनीं सूज ओसरली. पण त्यांनीं मधुमेह भडकला, आणि तो आटोक्यांत आणावयास दोन महिने लागले. उपचारापूर्वींच ही गोष्ट आम्हांला नीट समजावून सांगितली असती, तर त्या रात्रीं घरांत जी रडारड झाली ती झाली नसती.

किरणांविषयीं आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. इस्रायलमध्यें १९५० च्या आगेमागें मुलांच्या डोक्यावरील गजकर्ण घालविण्यासाठीं हजारों मुलांच्या मस्तकावर क्षकिरण सोडीत. केस झडत, गजकर्ण जाई, सर्वांना समाधान होई. पुढें १९८८ सालीं दहा हजारांहून अधिक अशा मुलांचा हिशेब लागला, तेव्हां असें आढळलें कीं मेनिंजिओमा होण्याचें प्रमाण त्यांच्यांत सुमारें दहापट होतें. तेथें संपूर्ण डोक्यावर पसरलेली किरणांची मात्रा एकदोन ग्रेच होती. जो किरण ही गांठ थांबवितो, तोच ती उत्पन्नही करतो! म्हणूनच लहान मुलांच्या बाबतींत डॉक्टर फार जपून असतात, आणि साध्या डोकेदुखीसाठीं वारंवार सी.टी. स्कॅन काढण्याचा आग्रह आपणही धरूं नये. एम्.आर्.आय.ची गोष्ट निराळी. त्यांत असले किरण नसतात. सत्तरीच्या अक्काच्या बाबतींत मात्र वीस वर्षांनंतरच्या धोक्यापेक्षां समोरच्या डोळ्याचें पारडें जड होतें.

खर्चाची चिंता ज्यांना असेल त्यांनीं रुग्णालयांतील आरोग्यमित्रांना गांठावें. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेंत मेंदूच्या कांहीं शस्त्रक्रिया आणि कांहीं किरणोपचार येतात. आपल्या रुग्णालयांत त्यांपैकीं कोणते मिळतात, हें दाखल होण्यापूर्वींच लेखी विचारून घ्यावें. एम्.आर्.आय.ची तबकडी जपून ठेवावी. नुसता अहवाल पुरत नाहीं. मागच्या चित्राशीं नवें चित्र ताडून पाहिल्याशिवाय गांठ वाढली कीं नाहीं, हें कोणालाच सांगतां येत नाहीं.

उपचाराला आतां दोन वर्षें होऊन गेलीं. गांठ दोन मिलिमीटर आकसली आहे, दृष्टितंतु शाबूत आहे, पोथी चालू आहे. उजवीकडे पाहिलें तर अजून दोन दिसतात. समोर पाहिलें तर एकच. गेल्या संकष्टीस अक्का गच्चीवर आली, मान जरा उजवीकडे वळवून तिनें चंद्राला अर्घ्य दिलें, आणि मला म्हणाली, "अशी मान केली कीं नीट एकच दिसतो बघ." पुढचें चित्र मार्गशीर्षांत काढावयाचें आहे.